ओव्हर द टॉप म्हणजे काय

४ मार्च
आबा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माइक हातात आला आणि ठरवलेलं सगळं विसरले. आबा शेवटी-शेवटी मलाच 'आई' म्हणायचे, एवढं बोलले आणि रडू फुटलं. मोठ्यानं. आवरेचना. खाली येऊन बसले, तर मागं दादा वहिनीला सांगतोय, "ही जरा ओव्हर द टॉपच आहे." वहिनी हसली. इंग्रजीत बोललं की बहिणीला कळत नाही, असा हिशेब.

५ मार्च
दोघं सकाळीच पुण्याला गेली. जय भीम पण नाही.
शेजारची प्राजक्ता इंग्रजी घेऊन बी.ए. करते. तिला विचारलं.
"म्हणजे अति करणं, काकू. लग्नात कुणी जास्तच नटलं, नाटकात कुणी उगंच किंचाळलं, की म्हणतात."
"शिवी हाय व्हय?"
"न्हाय. पण कौतुक बी न्हाय."
"आणि बाप गेल्यावर रडलं तर?"
पोरगी पुस्तक चाळायला लागली.
अति म्हणे. आबांची अंथरुणं मी बदलली, घास मी भरवले. दादा दिवाळीला यायचा, आबांशेजारी बसून फोटो काढायचा, की निघाला. तेव्हा कुणाचं काय अति झालं नाही.

९ मार्च
चौकात फ्लेक्स. 'आबांना भावपूर्ण आदरांजली.' आबा कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढे. मधोमध दादा, गॉगल लावून, हात जोडून. रिक्षावाला विचारतो, "ताई, नेमकं गेलं कोण?"
घरी येऊन फोन लावला.
"दादा, फ्लेक्स बघितला. ओव्हर द टॉप झालाय."
"हे तुला कुणी शिकवलं?"
"तूच की. आबांच्या कार्यक्रमात."
"तू ऐकलंस?"
कट केला. खोटं कशाला लिहू, लई बरं वाटलं.

१४ मार्च
फ्लेक्स गेलाय. नुसता सांगाडा उभा. दादाचे फोन येतात. घेत नाही.

१६ मार्च
दुपारी वहिनी एकटीच वर आली. "ताई, ते खाली गाडीत बसलेत. तुम्ही हाक मारल्याशिवाय येत नाही म्हणतात."
"मग बसू दे की."
ती आत येऊन बसली. खिडकीतून बघितलं, दादा काच उघडून, मान खाली घालून बसलाय. आता अंधार पडला तरी गाडी तिथंच. कुकर लावायला उठले. तांदूळ किती जणांचे घ्यावेत, कळेना.