डावा हात किंचित उशिरा

कोइवुनिएमी,
२ जून

प्रिय हेल्वी,

कशी आहेस? तुझ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं दुकानात कळलं. ती चालायला लागली का? मी ठीक आहे. तळ्याचं पाणी अजून बर्फासारखं आहे, तरी सौनाच्या वाफेतून निघून दोनदा उडी मारून झाली. बटाटे लावले. डास नेहमीप्रमाणे सगळ्या गावाला सोडून मलाच चावतात.

झाल्या चौकश्या. आता खरी बातमी, कारण ती तीन आठवडे पोटात ठेवून माझं पोट फुटायची वेळ आली आहे. हेल्वी, मी गाणी करायला लागले! शब्द नव्हे, ते तर मी पूर्वीही लिहायचे. अख्खं गाणं. वाद्यं, गायक, सगळं. हसू नकोस, आधी ऐक.

मी ज्या लायब्ररीत एकतीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्या, तिथे पेन्शनरांसाठी वर्ग निघाला: संगणकाकडून गाणं कसं बनवून घ्यायचं. एका चौकटीत गाण्याचे शब्द टाकायचे. दुसऱ्या चौकटीत टॅग, म्हणजे गाणं कसं हवं ते सांगणारे पाच-सहा शब्द, मध्ये स्वल्पविराम देऊन. वॉल्ट्झ, आनंदी, पियानो, बाईचा आवाज. बटण दाबायचं. कॉफी कपात ओतेपर्यंत गाणं तयार! वर्गातले बाकीचे घाबरून बसले होते आणि मी खुर्चीतून उठलेच. अगं, हे तर माझंच काम. जन्मभर मी दुसरं काय केलं? हातात आलेलं पुस्तक चार शब्दांत सांगायचं आणि योग्य कप्प्यात ठेवायचं.

म्हणून मोठ्या तोऱ्यात टाइप केलं: टँगो, फिनलंड, एकोणीसशे साठचं दशक, अकॉर्डियन. काय आलं माहितेय? परदेशी टँगोचा उकाडा! दातात गुलाब धरून कुणीतरी माझ्या स्वयंपाकघरात पाय आपटत फिरतंय असं वाटलं. मी ‘उदास’ घातलं, तर व्हायोलिनं अशी रडायला लागली की मला लाज वाटली. मग लिहिलं, ‘व्हायोलिन नको’. दुप्पट व्हायोलिनं! शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘इर्या, त्याला ‘नको’ कळत नाही, फक्त व्हायोलिन दिसतं. नको ते सगळं त्या तिसऱ्या चौकटीत टाका.’ आपल्या उर्पोसारखंच की. त्यालाही नाचाच्या हॉलच्या कमिटीच्या सभेत ‘नको’ म्हटलेलं कधी ऐकू येत नाही.

हळूहळू माझी चूक लक्षात आली, आणि ती लायब्ररीवालीच करू जाणे. मी गाणं कशाबद्दल आहे ते लिहीत होते. त्याला हवं असतं गाणं कसं वागतं ते. ‘उदास’ लिहायचं नाही. ‘सरळ पाठीने, आवाज न चढवता, रडायचं नाही असं ठरवून’ लिहायचं. पहिल्या शब्दाला जास्त वजन, म्हणून क्रम बदलला की चेहराच बदलतो. शब्दांच्या मधे कंसात लिहिलं, ‘इथे फक्त अकॉर्डियन’, की गायक गुमान गप्प बसतो. कुठला नवरा एवढं ऐकतो सांग बरं? आतापर्यंत एकाच टँगोची एकशे बेचाळीस रूपं काढली आहेत. शब्द नवे आहेत, या हिवाळ्यात लिहिले. ‘बोट हललीच नाही, काठच मागे सरकला’ अशी सुरुवात आहे. तीन वर्षांनी काहीतरी सुचलं.

पण एक शब्द अडलाय, आणि तो फक्त तुला ठाऊक असणार. गाणं गुळगुळीत होतं गं. सगळं जागच्या जागी आणि आत कुणी नाही. तू आपल्या हॉलवर अकॉर्डियन वाजवायचीस तेव्हा डाव्या हाताने काहीतरी करायचीस. ते बासचे, खालच्या सुरांचे ठोके. त्याला काय म्हणायचं? मी ‘आळशी’ लिहून पाहिलं, तर दारूच्या गुत्त्यातला पियानो आला. ‘लंगडता’ लिहिलं, तर सर्कस. ‘दमलेला’ लिहिलं, तर अकॉर्डियन खरंच झोपला.

तू गेल्यापासून हॉलवर बाहेरगावचे बँड येतात. वाजवतात ठीक. कमिटीने तुला ते पत्र पाठवलं, तेव्हा मी सामन माशाचं सूप घेऊन तुझ्याकडे आले होते, आठवतं? नंतर तू कुओपिओला गेलीस आणि आपलं लिहिणं राहून गेलं. असं होतं कधीकधी.

एका ओळीत उत्तर दिलंस तरी चालेल.

तुझी,
इर्या


कोइवुनिएमी,
१५ जून, रविवार

प्रिय हेल्वी,

तुझं कार्ड मिळालं. बहिणीविषयी एक अक्षर नाही, तेव्हा ती बरी असेल असं धरते. मी बरी आहे. नाही, बरी नाही, पण कालच्या नाचानंतर अंगात जे संचारलंय ते आधी सांगते, नाहीतर बाकीचं लिहायला हात वळणार नाही.

तू लिहिलंस: ‘माझा डावा हात किंचित उशिरा पडतो, त्यामुळे नाचणाऱ्यांची गैरसोय होते. कमिटीने लेखी कळवलंय. तेच टाइप कर.’

मी कार्ड फ्रिजवर लावलं. काढलं. कॉफी केली, प्यायले नाही. मग बसले आणि टाइप केलं. सगळ्यात पहिल्या जागी: अकॉर्डियनचा डावा हात किंचित उशिरा. त्यामागे लाकडी हॉल, पुरुषाचा साधा आवाज, सरळ पाठ. बटण दाबलं.

हेल्वी, तू माझ्या स्वयंपाकघरात आलीस! खरं सांगते, मी मागे वळून पाहिलं. चाल तुझी नव्हती, गायक कोण कुठला, पण तो बास, तो अर्धा श्वास थांबून पडणारा ठोका! मी एकटीच सिंकपासून दारापर्यंत नाचले. चुलीवरचे बटाटे करपले. एकशे त्रेचाळिसावं रूप, आणि त्यात कुणीतरी होतं.

मग मला राहवेल का? काल हंगामाचा पहिला नाच होता. बँड मध्यंतरात सॉसेज खायला बाहेर आला, तेवढ्यात मी उर्पोला म्हटलं, ‘हे एक गाणं लाव की स्पीकरवर.’ तो म्हणाला, ‘कुणाचं आहे?’ मी म्हटलं, ‘शब्द माझे आहेत.’ एवढंच म्हटलं. खोटं नव्हतं.

लोक बोटांची मोहरी पुसत आत आले. दुसऱ्या कडव्यापर्यंत नाचाच्या फळ्या भरल्या. बायका डोळे मिटून नाचत होत्या. आपला ताइस्तो, आता एकोणऐंशी वर्षांचा, गुडघा पूर्वीसारखाच आखडलेला, तोही लेम्पीला घेऊन उतरला. मी मोहरी लावलेला सॉसेज हातात धरून खांबाला टेकले होते, आणि मला वाटलं, हे मी केलं. टॅग लिहून केलं!

गाणं संपलं. आणि कुणी हललंच नाही.

मी मठ्ठ! इतकी वर्षं नाचूनही विसरले. आपल्याकडे एकाच गाण्यासाठी कधी कुणाला उठवतात का? दोन गाणी नाचायची, मगच तिला जागेवर पोचवायचं. मी एकच केलेलं. चाळीस जोडपी हातात हात धरून उभी, बोलत नाहीत, सोडत नाहीत. एकाच गाण्यानंतर बाईला सोडणं म्हणजे भर हॉलमध्ये तिचा अपमान. उर्पो तांबडालाल झाला आणि घाबरून त्याने तेच गाणं पुन्हा लावलं.

लोक पुन्हा नाचले, तक्रार न करता. संपल्यावर ताइस्तो लेम्पीला तिच्या बाकावर पोचवून थेट माझ्याकडे आला. डोळे ओले. म्हणाला, ‘काय गं ए इर्या, हेल्वी परत वाजवायला लागली आणि तू आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस? पक्की आतल्या गाठीची आहेस!’

मी म्हणाले, ‘नाही रे, ते...’

‘नाही काय नाही? चाळीस वर्षं त्या हातावर नाचलोय. माझ्या बायकोचा आवाज विसरेन, पण तो हात नाही विसरणार.’

उर्पोने ते ऐकलं आणि त्याला ‘नको’ ऐकू येत नाही हे तर तुला सांगितलंच. त्याने सरळ माइक धरला. ‘मंडळी, आत्ता ऐकलीत ती आपली हेल्वी कार्वोनेन! आणि युहान्नुसच्या सणाला, ऐन उन्हाळ्याची होळी पेटायच्या आधी, ती इथे प्रत्यक्ष वाजवणार!’ तुला न विचारता! केवढ्या टाळ्या पडल्या म्हणून सांगू. लेम्पी बाकावर उभी राहिली. आणि मी, हेल्वी, मी सॉसेजचा घास गिळला आणि गप्प राहिले.

उर्पो तुला बुधवारी फोन करणार आहे. त्याच्या आधी हे तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र उद्या सकाळच्या बसच्या पार्सलने पाठवते. ते गाणं मशीनचं आहे. तुझं नाव त्यावर लागलं ते मी तोंड न उघडल्यामुळे. पण तेवढंच असतं तर मी फोन केला असता.

तुझ्या कार्डावरचं वाक्य कमिटीचं नाही. माझं आहे.

तू गेलीस त्या वर्षी रेडिओवाले आपल्या हॉलवर ध्वनिमुद्रणाला येणार होते आणि माझा टँगो घेणार होते. माझे शब्द पहिल्यांदाच रेडिओवर. तू हिवाळ्यात बर्फावर पडून मनगट मोडून घेतलं होतंस आणि मला खात्री वाटली की त्याचमुळे ठोका मागे पडतोय. मी तुझ्याशी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी घरी बसून नोंद केली, जशी पुस्तकाची करतात. ‘डावा हात किंचित उशिरा पडतो, त्यामुळे नाचणाऱ्यांची गैरसोय होते.’ अचूक, कमी शब्दांत. उर्पोने ते जसंच्या तसं तुला पाठवलं आणि येवास्क्युलाहून दुसरा वादक आणला. ध्वनिमुद्रण झालं, एकदा लागलं, एकाही ठोक्यात चूक नव्हती आणि त्यावर कुणी नाचलं नाही. तुझ्याकडे सूप घेऊन आले तेव्हा तू टेबलावर ते पत्र ठेवलंस आणि म्हणालीस, ‘कुणी लिहिलं असेल गं?’ मी म्हणाले, ‘सूप गार होतंय.’

मला तुझा राग आला नव्हता, हेवाही नव्हता. मला फक्त माझे शब्द सुंदर दिसायला हवे होते. त्यासाठी मी तुला बाजूला काढलं. हे लिहिताना लाज वाटते आहे आणि ती वाटायलाच हवी.

आणि आता कालचीच एक गोष्ट, जी मला झोपू देत नाही. उर्पोने गाणं दुसऱ्यांदा लावलं तेव्हा मी ऐकत नव्हते, पाहत होते. स्टेजजवळच्या वळणावर ताइस्तोच्या गुडघ्याला वेळ लागतो. पहिल्या खेपेला तो तिथे पोचला आणि नेमका बास थांबला, म्हणून तो छान वळला. दुसऱ्या खेपेला गर्दीमुळे तो दोन पावलं मागे होता. बास थांबला तो पूर्वीच्याच जागी, ताइस्तोसाठी नाही. त्याला एका पायावर उडी मारून ताल पकडावा लागला. लेम्पीने त्याला सावरलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मी पाहिलं.

आणि मला एकदम आठवलं, तू वाजवताना कधीच बटणांकडे पाहायची नाहीस. हनुवटी अकॉर्डियनवर टेकून तू फळ्यांकडे पाहायचीस. पायांकडे. मनगट मोडायच्या आधीपासून, अगदी आपण तिशीत होतो तेव्हापासून. तू ज्याला गरज असेल त्याच्यासाठी थांबायचीस, त्या रात्री जो कुणी मागे असेल त्याच्यासाठी, आणि मी त्याला उशीर म्हटलं. यासाठी मला टॅग सापडत नाही. सापडला तरी उपयोग नाही, त्या यंत्राला फळ्या दिसत नाहीत.

मंगळवारी कमिटीची सभा आहे. तिथे मी दोन्ही गोष्टी सांगणार आहे, यंत्राची आणि पत्राची. ताइस्तोला आधी सांगेन, तो चिडेल, चिडू दे. युहान्नुसला यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर मी हॉलवर असावं की नसावं, तेही तूच ठरव. तू सांगशील तसं मी करेन. उर्पोला फोनवर चार शब्द सुनाव, त्याला सवय आहे. मला सुनवायचे असतील तर तेही सुनाव. कार्ड नको, फोन कर, मी शेवटपर्यंत ऐकेन, मधेच ‘सूप गार होतंय’ म्हणणार नाही.

कमिटीसाठीचं ते वाक्य मी टाइप करून उर्पोच्या टपालपेटीत टाकलं होतं, खाली नाव न घालता. उर्पोलाही आजवर माहीत नाही कुणी लिहिलं ते. म्हणून हे पत्र हाताने लिहिलं आहे आणि खाली पूर्ण सही करते.

इर्या मार्यात्ता तोल्वानेन