बॉयलर कोणी दुरुस्त करायचा

शॉमबर्ग,
रविवार, ९ मार्च १९८६

प्रिय पद्मू,

बुधवारी माझा फोन आला नाही म्हणून तू काळजीत असशील. तेव्हा आधी हे वाच: मी आणि तुझे बाबा, दोघंही ठणठणीत आहोत. नंतर फोन करून सांगायला लागले असते तर मला रडू फुटलं असतं, आणि तू काम टाकून मिलवॉकीहून तशीच गाडी काढली असतीस.

फेब्रुवारीच्या शेवटी तळघरातला बॉयलर रुसला. पायलटची छोटी ज्योत लावावी, तिनं मिनिटभर जळावं आणि विझावं. बाबा म्हणाले, थर्मोकपल गेलंय, दुसरं काही नाही. हार्डवेअरच्या दुकानातून तो बोटभर तुकडा आणला आणि गॅस बंद करून तासाभरात बसवलाही. ज्योत टिकली. खोटं कशाला सांगू, मला कौतुक वाटलं. रेडिएटर गरम झाले, मी साबुदाण्याची खिचडी केली आणि आम्ही दोघांनी विजयी वीरांसारखी खाल्ली.

पण दोन दिवसांत खिडक्यांच्या काचा आतून घामेजायला लागल्या आणि बॉयलरच्या पत्र्यावर काळसर डाग उमटला. गेल्या शनिवारी सकाळी बाबांनी पुन्हा हत्यारांची पेटी खाली नेली. या खेपेला बर्नर आणि गॅसचा व्हॉल्व्ह दोन्ही उघडायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, अहो, कोणाला तरी बोलवू या ना. त्यावर म्हणाले, "पंचवीस वर्षं मी हीट एक्स्चेंजर डिझाइन करतोय. माझ्या घरचा बॉयलर उघडायला बाहेरचा माणूस बोलवू?"

तो सूर मला ओळखीचा आहे, तुलाही असेल. ऐंशी साली तू अर्बानाचं कॉलेज सोडून बॉयलर-फर्नेसच्या कामाची अप्रेंटिसशिप धरलीस, तेव्हा स्वयंपाकघरात हाच सूर लागला होता. मी ज्या वस्तू कागदावर काढतो, त्या पुसायला माझी मुलगी लोकांच्या तळघरात गुडघ्यांवर बसणार का, असं ते म्हणाले होते. आणि तू म्हणालीस, "हो बाबा, बसणार. मला त्या हातानं उघडून बघायच्यात." त्याच आठवड्यात तू गेलीस. सहा दिवाळ्या झाल्या, तुमचं दोघांचं बोलणं नाही. मी मधल्या मध्ये राहिले, दोघांचंही थोडं थोडं खरं मानत. ते माझं चुकलं. मी तेव्हाच तुझ्या बाजूनं काहीतरी बोलायला हवं होतं.

असो. बाबा खाली वाकून बर्नर बघत होते, मी जिन्यावर उभी. सकाळपासून डोकं ठणकत होतं. दुसरा चहा राहिला म्हणून असेल असं वाटलं. मग मी खाली उतरून त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ज्योत निळी नव्हती. पिवळी होती, लांबट, आळसावल्यासारखी इकडून तिकडे लोळत होती. आणि मला तुझं बोलणं आठवलं. मागच्या हिवाळ्यात तू बॉयलरच्या वायूनं आजारी पडलेल्या त्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरून आली होतीस आणि फोनवर मला बजावलं होतंस: "आई, पिवळी ज्योत आणि डोकेदुखी एकत्र आली की विचार करत बसायचं नाही. बंद करायचं आणि बाहेर पडायचं." तेव्हा मी मेथी निवडत नुसतं हो हो म्हटलं होतं.

मी विचारलं, तुमचं डोकं दुखतंय का? म्हणाले, "जरा गरगरतंय. एवढे झाकणाचे चार बोल्ट काढून होऊ देत." मी त्यांच्या हातातला पाना काढून घेतला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं मी कधी केलं नव्हतं. म्हटलं, अहो, गॅस बंद करा आणि चला बाहेर. ते रागावले होते, पण माझ्याकडे पाहून उठले. कॉक फिरवला, मला जिना चढताना हात दिला. की मी त्यांना दिला, आता सांगता यायचं नाही. अंगावर कोट चढवून आम्ही बर्फातून शेजारच्या सुहासिनीकाकूंकडे गेलो आणि तिथून गॅस कंपनीला फोन केला.

कंपनीचा माणूस यंत्र घेऊन घरात फिरून आला. चिमणीतल्या विटा ढासळून वाट बुजली होती, जळलेला विषारी वायू सगळा घरात परतत होता. त्यानं वापरायला बंदी म्हणून बॉयलरला लाल पट्टी बांधली आणि बाबांना विचारलं, वेळेवर बाहेर पडायचं कोणाला सुचलं? बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, मला नाही, आमच्या मुलीला. ती हेच काम करते.

तो गेल्यावर सुहासिनीकाकूंच्या सोफ्यावर बसून बाबांनी चहा संपवला. मग म्हणाले, "पद्मिनीनं हे तुला केव्हा सांगितलं?" मी कबूल केलं, तुम्ही बुधवारी ब्रिज खेळायला जाता तेव्हा आम्ही बोलतो. म्हणाले, "ते ठाऊक आहे. बुधवारी तुझी भाजी चांगली होते." मला हसू आलं, मग रडू आलं. मग ते एकेक विचारायला लागले. परीक्षा किती मार्कांनी पास झाली? परक्या घरांत एकटी जाते का? एवढं जड सामान उचलते, पाठीला काही बांधते का? मला माहीत होतं तेवढं सांगितलं. पाठीचं माहीत नव्हतं. ते कळव.

चिमणी आता नीट करून घेतलीय. बॉयलर मात्र आतून तडकलाय, तो बदलावाच लागणार. तोवर आम्ही दोन खोल्यांत विजेचे हीटर लावून राहतोय. नवा बॉयलर बाबा स्वतःच बसवायला घेतील अशी मला धास्ती होती. बुधवारी ते ब्रिजला गेलेच नाहीत. जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरला आणि हातात टेप घेऊन घरभर मापं घेत फिरले. त्यांच्यादेखत तुझ्याशी बोलायची सवय नाही, म्हणून माझा फोन राहिला तो राहिलाच. आज सकाळी त्यांनी तो कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "हे तिला पाठव. पत्र तू लिही, मला शब्द जमत नाहीत." म्हणून हे पत्र. सोबतचं ड्रॉइंग त्यांचं आहे: तळघर, सगळे पाइप, प्रत्येक खोलीतला रेडिएटर, तुझ्या खोलीतलासुद्धा. खाली कोपऱ्यात 'तपासणार' म्हणून चौकट आहे. त्यांच्या ऑफिसात तिथे त्यांचीच सही असते. या कागदावर त्यांनी पेन्सिलीनं तुझं नाव लिहिलंय. कुठला बॉयलर घ्यायचा ते तू ठरव. परमिटचं त्यांनी गावाच्या ऑफिसात जाऊन विचारून ठेवलंय, आणि मला म्हणाले, काम ती करेल, मी बॅटरी धरीन. तुला सवड होईल तेव्हा ये, पद्मू. या महिन्यात जमलं तर फार बरं.

तुझीच,
आई