दत्ताची आई खाली गेल्यापासून

९ नोव्हेंबर
दिवाळी झाली तरी दत्ताची आई आली नाही. गणपती झाल्यावर दत्ता येऊन घेऊन गेला. खुर्चीला बांबू बांधून पायथ्याच्या गावातल्या पोरांनी तिला खाली उतरवली, तिथून गाडीनं सांगली, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. दिवाळीला आणून सोडतो म्हणाला होता. आता म्हणतो, डॉक्टर चढ चढू नका म्हणतात. किती दिवस ते सांगत नाही. जास्त विचारलं की सून फोन घेते आणि "मामा, जेवलात का?" म्हणते.
आज किल्ला चढायला आलेली पुण्याची मंडळी मुक्कामाला. पाठीवरच्या सॅका उतरवायच्या आधी, "आजी कुठंयत?" सांगितलं, सांगलीला गेली आहे, येईल. माझ्या भाकरी जाड झाल्या, कडेला करपल्या. कुणी नाव ठेवलं नाही. ती असती तर ठेवलं असतं तिनंच.
बोलायला कोणी नाही म्हणून हे लिहायला घेतलं. चौथीनंतर एवढं सलग लिहिलेलं नाही.

१० नोव्हेंबर
पुण्याची मंडळी सकाळी गेली. पाहुणे निघाले की ती दारात उभी राहते. शेवटचा माणूस खिंडीच्या वळणाआड गेल्याशिवाय आत वळायचं नाही, ही तिची रीत. चुलीवर दूध उतू गेलं तरी नाही. आज नेहमीसारखं त्यांच्या पुढं वाट दाखवायला न जाता तिच्या जागी मी उभा राहिलो. वळणावर एकानं हात केला. मीपण केला. मग वळण नुसतंच राहिलं.
आत आलो तर चहाचे कप तसेच. कपाळ दुखतंय. थंडीनं असेल. का बी.पी.?

१६ नोव्हेंबर
धोंडीबा म्हशी घेऊन वर आला होता. धनगरवाड्यावर आता त्याचंच एक घर राहिलं आहे. दुधाची किटली ठेवली आणि लागला बोलायला.
"काय रं, वैनी न्हाई आली?"
"येईल."
"आरं कशाला येईल? झऱ्यावरनं घागरी व्हायला? तिकडं नळ सोडला की गरम पानी. मी बाई असतो तर मी बी न्हाई आलो."
"तुला कुनी नेला असता सांगलीला?"
"त्ये बी खरंच."
हसला आणि गेला. मला हसू आलं नाही. झरा खाली ओढ्यात. घागर डोक्यावर, शिवाय कळशी कमरेला, आणि पावसाळ्यात शेवाळ. किल्ल्यावरून पलीकडच्या दरीत उतरणाऱ्यांना मधे हा एकच निवारा, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी पाणी लागतं किती. गुडघा त्यानंच गेला असणार. दुसरं काय?
वरच्या अंगाला आणखी एक पाझर आहे, कड्याच्या पोटात. तिथून पाइप टाकला तर पाणी आपोआप दारात येईल. हे आधी का कुणाला सुचलं नाही.

१७ नोव्हेंबर
खडकावर जाऊन आष्ट्याच्या मास्तरांना फोन लावला. रेंज तिथंच येते. ते दर थंडीत शाळेतल्या चार शिक्षकांना घेऊन येतात. पाइपचं बोललो. "आबा, काळजी सोडा," म्हणाले. काळजी कशी सोडायची ते कुणी सांगत नाही.

२३ नोव्हेंबर
मास्तर मंडळी आली. काळ्या पाइपची वेटोळी खांद्यावर घालून एकेक जण वर चढला, लांबून मला वाटलं अजगरच घेऊन येतायत. दिवसभर कड्याखाली कारवीच्या झुडपांत घुसून पाइप टाकला. हात सगळे ओरबाडले. त्यातला एक तरुण शिक्षक म्हणाला,
"आबा, आजींसाठी ताजमहाल बांधताय जणू."
मास्तर लगेच, "गप रे. तो मेल्यावर बांधतात."
सगळे हसले. मी मनात देवाचं नाव घेतलं. असलं बोलू नये.
पाणी काही येईना. मधे हवा अडकली. धोंडीबानं टोकाला तोंड लावून ओढलं, तेव्हा आधी गाळ आला, मग एक बेडकुळी, मग पाणी. दारात! मी ओंजळीत धरलं. थंडगार. धोंडीबा चुळा भरत शिव्या देत होता.
वाटलं, आता झालं. आता अडचण काही उरली नाही.

२४ नोव्हेंबर
मास्तर मंडळी उतरली. लगेच खडकावर जाऊन तिला सांगितलं. दारात पाणी आलं म्हणालो, हंडा लावला की भरतो. मला वाटलं, कसं, कुठून, कोणी केलं, विचारील. त्यातलं काही नाही. आधी औषध घेतलं का विचारलं. मग म्हणाली,
"बरं झालं. तुमची वढातान वाचली."
तुमची. मी तिची म्हणत होतो.
मग म्हणाली, सुनेनं मेथी आणली आहे, निवडायची आहे, ठेवते.

५ डिसेंबर
छप्पर शाकारायचं गवत आताच कापून ठेवावं लागतं, पुढं वाळून मोडतं. मी कापतो आणि ती पेंढ्या बांधते, तिच्या पेंढीची गाठ सुटत नाही. धोंडीबा विचारून गेला, "कापायचं का न्हाई ते सांग बाबा. दर खेपंला काय बघू बघू?" मी पुन्हा बघू म्हणालो. न शाकारलेलं घर एक पावसाळा काढत नाही. मग हे घर ठेवायचं का? मी एकटा इथं पडलो झडलो तर? शनिवारी कोणी आलं तर त्यांना कळणार. रविवारी पडलो तर?
दत्ता म्हणतो, "आबा, तुम्ही पण इकडंच या." खोली मोकळी आहे म्हणतो. चांगला आहे पोरगा. त्याच्यावर राग काढता येत नाही, हे आणखी एक.

१८ डिसेंबर, सांगली
काल उतरलो. पाटण, कराड, मग सांगलीची एस.टी. सगळ्या रस्त्यानं उसाच्या गाड्या. विश्रामबागच्या थांब्यावर दत्ता घ्यायला आला. घराला कुलूप आपण लावत नाही, धोंडीबाला चूल बघ म्हणून सांगितलं आहे. बघतो का नाही कोण जाणे.
बिल्डिंगच्या खाली सिमेंटचं बाक आहे. तिथं चार बायका बसलेल्या, मधे ही. काहीतरी सांगत होती आणि सगळ्याजणी हसत होत्या, ही तर पदर तोंडाला लावून. मी थांबलो. दत्ता "आबा चला" म्हणाला तरी थांबलो. असं हसताना कधी बघितली, आठवेना.
मला बघून उठली. काठी न घेता उठली. "ह्ये आमचं मालक," म्हणून ओळख करून दिली. एक बाई म्हणाली, "डोंगरावरचे ते? आम्हाला वाटलं तुम्ही गोष्टीतच आहात." पुन्हा हसल्या.

१९ डिसेंबर, सांगली
दत्ता कामावर, सून बाजारात. दोघंच होतो. ती पावट्याच्या शेंगा सोलत होती. मीपण सोलायला बसलो.
"पानी दारात आनलंय म्या."
"सांगितलं की फोनवर."
"मग?"
"पान्याचं मी कवा बोलले? झऱ्यावर तर बरं वाटायचं. तेवढीच जरा एकटी."
"मग काय जड जात हुतं?"
 शेंगा सोलत खाली बघूनच बोलली.
"आवं, जलमभर पाठमोरी मानसं बघितली मी. जेवू घालायचं, आतरून द्यायचं, नाव गाव इचारायचं, लेकरं किती इचारायचं. आन सकाळी दारात हुबं ऱ्हायाचं. परत येतो आजी म्हन्त्यात. शंभरातलं एक येतंय. हितं खाली त्याच चार बायका येत्यात. काल बी त्याच, उद्या बी त्याच. मला लय बरं वाटतं बगा."
"आन मी?"
"तुमी? तुमी तर वाट दावायला त्येंच्या म्होरं. त्या पाठींत तुमची बी असायची की."
रागानं नाही बोलली. राग असता तर बरं होतं, मला भांडता आलं असतं.
एक शेंग किडकी निघाली, ती तिनं माझ्या हातातून काढून घेतली.

२० डिसेंबर
निघालो. शनिवार-रविवारची माणसं येणार, थांबता येईना. खरं तर थांबता आलं असतं. सुनेनं डबा बांधला. दत्ताची आई आत पलंगावर बसून होती.
"मी दारात येत न्हाई बरं का," म्हणाली.
"नको येऊ."
"औशिद घेत जावा येळंवर."
तिसरा मजला. लिफ्टचं दार आपोआप मिटलं. वळून बघायला जागाच नाही त्या डब्यात.
कराडला एस.टी. बदलताना डबा गाडीतच राहिला. सुनेला कसं सांगायचं.

२९ डिसेंबर
वर्षअखेरची गर्दी. पडवीतसुद्धा माणसं. कोल्हापूरच्या एका मुलीनं विचारलं, "आजी नाहीत का?" नेहमीसारखं येईल म्हणायला तोंड उघडलं, पण "सांगलीत असते" एवढंच बाहेर आलं. ती अरेरे म्हणाली आणि कांदा चिरायला बसली. चांगली होती पोर. नाव गाव विचारलं नाही. विचारवेना.
सकाळी सगळे निघाले तेव्हा वाटेवर गेलो नाही, दारातही उभा राहिलो नाही. मागच्या बाजूला जाऊन पाइप बघत बसलो. आवाज लांब जाईपर्यंत.

४ जानेवारी
धोंडीबानं न विचारताच गवत कापून आणून टाकलं. म्हटलं, कुणी सांगितलं? म्हणाला, "तू काय सांगनार? म्हशी मरतील तुझी वाट बघून." पेंढ्या मी बांधल्या. निम्म्या सुटल्या. पुन्हा बांधल्या.

१६ जानेवारी
संक्रांतीला फोन केला नाही. करू करू म्हणून खडकापर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो. आज तिचाच येऊन गेला होता, खडकावर रेंज आल्यावर कळलं. लावला.
बाकावरच्या बायकांबरोबर हळदीकुंकू केलं म्हणाली. वाणाला प्लास्टिकचे डबे दिले, चांगले घट्ट झाकणाचे. मी बरं म्हणालो. थंडी हाय का? आहे. खोकला? नाही. मग म्हणाली,
"डावा बी गुडगा करून घेते म्हन्ते. उन्हाळ्याच्या आत."
"डाक्टर म्हनले का?"
"न्हाई. डाक्टर म्हनतोय, चाललंय तवर चालू द्या. मीच म्हनले, करा."
तिथं लिफ्ट आहे. लिफ्टपासून बाकापर्यंत सपाट फरशी, मी स्वतः चालून आलो आहे. तेवढ्याला एक गुडघा पुरतो. पुरतोच आहे. दोन लागतात ते चढाला. मग दुसरा कशाला?
विचारणार होतो. दुखत असेल म्हणून असेल. रात्री झोप लागत नसेल. का सुनेला त्रास नको म्हणून? तोंडापर्यंत आलं होतं, तेवढ्यात तिकडं कुणीतरी "येताय ना खाली?" म्हणालं आणि ती "आले आले, ठेवते आवं" म्हणाली.
बरं झालं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.
दत्तालाही विचारायचं नाही. निदान उन्हाळा लागेपर्यंत तरी नाही.