जगदीशशेठचा विदूषक

डोळखांब, ता. शहापूर
१२ जानेवारी २०२५

चि. हरेश यास, हौसाताईचे अ. उ. आ.

इथे सगळे ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. फोनवर तू मला हसवून विषय बदलतोस, म्हणून हे पत्र.

तुझ्या जगदीशशेठने इथे घेतलेल्या जमिनीला तारेचं कुंपण घातलं. झऱ्याची वाट बंद झाली. आई आता टेकडीला वळसा घालून पाणी आणते. परवा हंड्यासकट पडली, डावा पाय ओढत चालते. विचारलं तर म्हणते, काय नाय गो, जरा मुरगळलाय.

तू मुरबाडला शेठच्या फार्महाऊसच्या देखरेखीला गेलास, आणि तिथल्या बैठकीत नकला करतोस म्हणे. पाड्यात तुला खुशमस्कऱ्या म्हणतात. मला फार लागलं. कुंपणाला एक फाटक ठेवायला सांग. एवढं कर, मग काही मागणार नाही.

तुझी ताई

मुरबाड
१९ जानेवारी

ती. हौसाताईस, सा. न. वि. वि.

आईचं दोनदा वाचलं. पण तो शब्द मागे घे. खुशमस्कऱ्या राजाची री ओढतो. मी विदूषक आहे. बोहाड्याच्या उत्सवात बाबा तेच सोंग घ्यायचे, राजाच्या सोंगाची तोंडावर फजिती करायचे. दरबारात खरं बोलायची मुभा एकट्या विदूषकाला असते, असं सांगायचे. शेठला सरळ बोललेले दोघे कामावरून गेले. मी हसवता हसवता सांगेन. फाटक होईल.

लोभ आहेच, थोडा विश्वासही ठेव.

हरेश

डोळखांब
२६ जानेवारी

चि. हरेश यास, अ. उ. आ.

शब्द मागे घेतला. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणाली, माजा पोर बापावर गेलाय. रोज कुंपणापाशी थांबून फाटक झालं का बघते. लवकर सांग रे.

ताई

मुरबाड
१० फेब्रुवारी

ती. हौसाताईस, सा. न. वि. वि.

दोन तारखेच्या रविवारी सांगितलं. डोक्यावर हंडा घेतला. आई कुंपणापाशी कशी अडते, टेकडीवर कशी पडते, पाय ओढत घरी कशी जाते, सगळं करून दाखवलं. शेवटी म्हटलं की शेठ, ही माझी आई आणि हे तुमचं कुंपण.

सगळे पोट धरून हसले. हसून हसून शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की पुढच्या रविवारी पाहुणे येणार आहेत, त्यांनाही हेच दाखव, म्हातारी पडते तिथे जरा वेळ घे.

विदूषकाला मुभा का असते, ते बाबांनी सांगितलं नव्हतं. त्याचं बोलणं कुणी खरं धरतच नाही.

ताई, पाहुणे काल येऊन गेले. मी पुन्हा केलं. पडताना जरा वेळ घेतला.

हे आईला वाचून दाखवू नकोस. फक्त सांग, कुंपणापाशी थांबत जाऊ नको.

जमलं तर लोभ ठेव.

हरेश