घराण्याचं पोट

१२ ऑगस्ट १९६५, सकाळ
धाकटा भाऊ डोमाजी गेल्याचं कार्ड आलं. कोपरा फाडलेला, त्यामुळे वाचायच्या आधीच कळलं. रीतीप्रमाणे उंबऱ्याबाहेर वाचलं आणि फाडून टाकलं. पोटच. वडील पोटानेच गेले, आजोबाही. आता नंबर माझा. चौथी पास आहे, पण एवढं गणित येतं. आजपासून कडक पथ्य. ही डायरी पोटासाठीच.
पोट: साफ नाही.

१९ ऑगस्ट
रेशनात पुन्हा अमेरिकेचा गहू. अकोल्याच्या बाजारात ज्वारी दिसत नाही. गहू मला लहानपणापासून सोसत नाही. डोमाजीचंही तसंच. भावकीतल्या पुंजाजीने गावाहून ज्वारी पाठवली. ती माझ्या खोलीत पत्र्याच्या कोठीत. किल्ली करदोड्याला.
घराण्याचं पोट मुलांकडे उतरतं, मुलींना काही होत नाही. म्हणून माझ्या वाटणीचा गहू नात वच्छलीला. चार वर्षांची आहे. आमच्या लहानपणी पोळी फक्त सणाला मिळायची. ही पोरगी रोज खाते. नशीब!
सुनेला पोटाचं सांगितलेलं नाही. तिच्या माहेरी बोभाटा होईल. तिला वाटतं, दात गेले म्हणून बुढा भाकर चुरून खातो.

८ सप्टेंबर
वच्छली दिवसातून पाच वेळा परसाकडे. सून सत्यभामा म्हणे, मामाजी, पोरगी वाळून राहिली. मी तिला पोरीचं पोट दाखवलं. केवढं गोल सुटलंय! श्रीमंताघरचं वाटतं. हातपाय काड्यांसारखे आहेत, ते आईकडचे. गव्हाची खीर सुरू करवली.
पोट (माझं): बरं.

२१ ऑक्टोबर
सून दिवाळीसाठी पोरीला घेऊन माहेरी, चांदूर बाजारला. तिथे गहू नाही, नुसती भाकर. पोरीचे हाल होणार.

१४ डिसेंबर
आल्या. वच्छलीला गाल आलेत. 'घोडा, घोडा' म्हणत माझ्या पाठीवर बसली. जाताना मी ओव्याचं पाणी दिलं होतं, त्याचा गुण. सून म्हणे, माही माय म्हन्ते भाकरीनंच सुधरली, थोडी ज्वारी द्या न मामाजी. अडाणी लोक. ज्वारी माझं औषध आहे. औषध निरोग्याला देऊ नये. आजपासून पोरीला दोन्ही वेळ पोळी, वर तूप.

९ फेब्रुवारी १९६६
वच्छली अंथरुणातून उठत नाही. मोटरीने अमरावतीला, मुलांच्या डॉक्टरकडे. मीही गेलो, जमलं तर आपलंही पोट दाखवावं म्हणून. डॉक्टर अगदी पोरगा. विचारतो, घरात कोणाला गहू सोसत नाही काय? काही पोटं घराण्यातूनच येतात, म्हणे.
मी नाही म्हणालो. उद्या पोरीचं लग्न व्हायचं आहे. अशा घराण्यातली पोरगी कोण करील?
मग त्याने टॉनिक दिलं. पौष्टिक खायला घाला म्हणाला. एक पोळी वाढवली.
माझं पोट दाखवायचं राहिलं.

२ मार्च, सकाळ
सून कोठीपुढे उभी. म्हणे, मामाजी, खरं सांगा, तुमी गहू कावून खात नाही? सोसत नाही म्हटलं. म्हणे, कदीपासून? लहानपणापासून. आन् तुमच्या भावाले? त्यालाही. म्हणे, मंग डॉक्टरले नाही कावून म्हनलं? माह्या लेकराले कावून चारला?
मी सांगितलं, पोळी लाडाची वस्तू असते.
ती रडली नाही. किल्ली मागितली. दिली. ज्वारीला सोंडे लागले होते, अर्धी भुकटी झालेली. चांगली तेवढी पाखडून घेतली आणि पोरीला खांद्यावर टाकून माहेरी निघाली. वच्छली हळूच म्हणे, आबाजी, आता तुमी काय खासान?

१० मार्च
ती उठेल. मागेही भाकरीनेच उठली होती. काळजीचं कारण नाही.
ज्वारी संपली. तीन दिवस मी पोळी खातो आहे. पोटात फार कळा. मोठ्या माणसाला एवढं होतं, तर
आज एवढंच.

२३ मार्च, दुपार
सकाळीच पुंजाजीला ज्वारीसाठी पत्र टाकलं. दोन पोती सांगितली, वच्छलीला वर्षभर पुरावी अशी. कोठी धुऊन उन्हात वाळवली. कुलूप काढून टाकलं.
आत्ता चांदूर बाजारहून कार्ड आलं. कोपरा फाटलेला आहे. पोस्टातले लोक हल्ली फार निष्काळजी झालेत. चष्म्यातूनही धड दिसत नाही. उद्या वाचीन.
कार्ड उंबऱ्याबाहेरच ठेवलं आहे. उडू नये म्हणून वर दगड.