राईतला बेडूक आणि देवीचा कौल

४ ऑगस्ट १९४३, बुध.
शाळा सुटल्यावर पुन्हा वाघजाईच्या राईत. आज दिसला एकदाचा. अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक, करवंदीच्या पानावर. आवाज मात्र दांडगा, टिकटिक टिकटिक. जवळपास डबकं नाही. पाल्याखाली अंडी, एक फुटलेलं, त्यातून शेपटीबिपटी नाही, थेट इवलासा बेडूक. याला पाणी नको, ओला पाला पुरतो. फार आनंद झाला. सांगायला कोणी नाही.

७ ऑगस्ट, शनि.
वेल्ह्याहून कोळशाच्या ठेकेदाराचा मुकादम आला. लढाईमुळे कोळशाचा भाव चढलाय. राई तोडू द्या, देवळावर पत्रे घालून देतो, म्हणाला. निम्मं गाव तयार. देऊळ गळतं हे खरंच. पावसानं भिजू नये म्हणून बाबू गुरवानं देवीला पानांचं इरलं घातलंय.

१० ऑगस्ट, मंगळ.
चावडीवर बोललो. राई गेली की ऊन शिरेल, पाला वाळेल, बेडूक संपेल. लोक हसले. बाबू हसला नाही. "मास्तर, तुमच्या बेडकाला सावली पायजे, देवीला छप्पर पायजे. आमी कुनाचं ऐकायचं?" ठरलं, देवीलाच कौल लावायचा. चिडलो.

१७ ऑगस्ट, मंगळ.
इरलं काढून कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या. उजवी आधी पडली तर राई तोडायची, डावी पडली तर राखायची. दिवसभर बसलो. एकही पडेना. झड लागलेली, दगड ओलाकच्च. मुकादम जांभया देत होता. राईतून टिकटिक चालूच. म्हातारी येसूबाई म्हणाली, "मन हुईना तिचं."
मी कौल मानत नाही. तरी निघताना डाव्या पाकळीकडे बघून हात जोडले.

१८ ऑगस्ट, बुध.
शाळेला सुट्टी दिली. देवळातच बसून लिहितोय.
पाकळ्या जागच्या जागी. मुकादम म्हणाला, "दगड जरा फडक्यानं टिपा की." बाबूनं त्याला पायरीवर नेऊन बसवलं. "देवी इचार करतीया. घाई करू नगा." बाबूबद्दल उगाच मनात अढी धरली होती.
पाऊस थांबला. छपराच्या भोकातून ऊन आलंय, नेमकं उजव्या खांद्यावर. पाकळीची कड उचलायला लागली.
मी उठून आड उभा राहिलो तर तिथं सावली पडेल, पाकळी ओलीच राहील. बाबू माझ्याकडेच बघतोय.