छत्रीखालचे बूट

तै-मू,

काल हेउंदेच्या किनाऱ्यावर तुमची छत्री वाळूत रोवून दिली ती पोरगी मीच. टोपी डोळ्यांवर ओढली होती, पण तू तरी कुठे बघत होतास म्हणा. हो, बोटीवरचं काम सोडलं. त्याआधीचं बेकरीतलंही सोडलं होतं, ते जाऊ दे.

आपलं जमलं होतं तेव्हा मी किती मागे लागायचे, एकदा रोपवेत बसू, समुद्राकाठचं देऊळ बघू. तू म्हणायचास, "ते सगळं सोलच्या पाहुण्यांसाठी असतं. बुसानची माणसं तिकडे फिरकत नाहीत." काल तुझी सोलची पाहुणी म्हणाली, "इथलाच असून तू हे काहीच पाहिलं नव्हतंस?" आणि तू म्हणालास, "सोबत यायला कुणी नव्हतंच ना."

कुणी नव्हतं. तुझ्या पायात मात्र मी दिलेले बूट होते. ते घेतले तेव्हा बाजारातली मासळीवाली मावशी म्हणाली होती, "अगं येडे, आपल्या माणसाला बूट दिले की तो तेच घालून पळून जातो. एक नाणं तरी घे त्याच्याकडून, म्हणजे विकल्यासारखं होईल." मी हसण्यावारी नेलं.

मग काल तुझ्या पाहुणीने आपले बूट काढून छत्रीखाली जपून ठेवले. लाल, कोरे करकरीत. "वाळू नको जायला," ती म्हणाली, "तू दिलेले आहेत."

तिच्याकडून नाणं घेतलंस का, एवढंच विचारायला बसले होते. पण विचारलं तर तू घेशील. म्हणून हे पत्र माझ्याच खिशात राहू दे.

छत्रीवाली,
सो-दाम